ताठ मान, कललेली मान : डोंगरी सायकलींचा स्वभाव

डोंगरवाटेसाठी बनवलेल्या दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर अनोळखी नजरेला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. दोन्हींचे टायर जाड आणि खोल खाचांचे, हँडल रुंद, ब्रेक डिस्कचे आणि पुढच्या चिमट्यात धक्के शोषून घेणाऱ्या दोन नळ्या. तरीही त्याच दोन सायकली एकाच स्वाराने एकाच उतारावरून खाली आणल्या, तर एक दगडधोंड्यांवरून सरळ रेषेत निघून येते आणि दुसरी प्रत्येक दगडाची बातमी स्वाराच्या मनगटापर्यंत पोहोचवते. आणि नंतर त्याच सायकली अरुंद वळणावळणांच्या चढावर नेल्या, तर बहुधा दोघींच्या भूमिकांची अदलाबदल होते. सायकलींचे कारखाने या फरकांना प्रकारांची नावे देतात. चढउतारांच्या वेगवान शर्यतीसाठी 100 ते 120 मि.मी. सस्पेन्शनची 'क्रॉस-कंट्री', सर्वसाधारण भटकंतीसाठी 130 ते 150 मि.मी.ची 'ट्रेल', ज्या शर्यतीत फक्त उतारांची वेळ मोजली जाते तिच्यासाठी 160 ते 180 मि.मी.ची 'एन्ड्युरो' आणि निव्वळ उतारासाठी सुमारे 200 मि.मी.ची 'डाउनहिल'. ही वर्गवारी दुकानात उपयोगी पडते, परंतु तिच्यामुळे सायकलीचा स्वभाव म्हणजे तिच्या सस्पेन्शनची लांबी, असा गैरसमज पक्का झाला आहे. स्वभाव ठरतो तो मुख्यतः वेगळ्याच गोष्टीने : स्वाराचे वजन दोन चाकांच्या मध्ये नेमके कुठे पडते, आणि वाट चढू किंवा उतरू लागली की ते कोणत्या चाकाकडे किती सरकते.

या प्रश्नाचे उत्तर गेल्या सुमारे पन्नास वर्षांत दोनदा बदलले आहे, आणि ते बदल समजून घेतल्यावर आजच्या सायकलींची तुलना सोपी होते. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, वणवे विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता सुमारे 3.4 किलोमीटरमध्ये सुमारे 400 मीटर खाली उतरतो. तेथे 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी जुन्या सायकलींची पहिली शर्यत लावली. त्या सायकली बहुतांशी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, जाड फुग्यासारख्या टायरच्या श्विन कंपनीच्या होत्या. उलटे पायडल मारल्यावर लागणारा त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, आणि एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई व तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर आणि जो ब्रीझ ही या मंडळीतील पुढे गाजलेली नावे. जो ब्रीझने 1977-78 मध्ये या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा जोडला, तेव्हा जुन्या श्विनच्या पुढच्या भागाचा सैल, मागे रेललेला कोन त्याने बहुतांशी तसाच ठेवला.

येथे 'पुढच्या भागाचा कोन' म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे, कारण पुढचे बरेच विवेचन त्यावर उभे आहे. चिमट्याची दांडी ज्या आखूड नळीत फिरते, ती नळी म्हणजे सायकलीची मान. ही मान जमिनीशी जो कोन करते, तो मानेचा कोन. कोन 90 अंशांच्या जितका जवळ, तितकी मान ताठ. जितका कमी, तितकी ती स्वाराकडे रेललेली आणि पुढचे चाक स्वारापासून दूर गेलेले. रीपॅकवरच्या जुन्या सायकलींच्या माना 68 अंशांच्या आसपास होत्या. पुढे शर्यती चढउताराच्या झाल्या, रस्त्यावरच्या शर्यतींची रीत डोंगरात शिरली, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 च्या दशकभर मान सुमारे 71 अंशांपर्यंत ताठ झाली, हँडल अरुंद आणि ते पुढे ढकलणारी 'स्टेम' ही जोडपट्टी 12-13 सेंटिमीटर लांब झाली. उतारासाठी जन्मलेले वाहन अशा रीतीने चढासाठी घडवले गेले, आणि जुन्या श्विनमध्ये योगायोगाने असलेला एक गुण हरवला. तो परत मिळवायला उद्योगाला वीस-पंचवीस वर्षे लागली. आजच्या ट्रेल सायकलींची मान 65 ते 66 अंशांवर आणि एन्ड्युरोची 63 ते 64.5 अंशांवर आहे.

मानेच्या कोनाचा पहिला परिणाम 'माग' या अंतरावर होतो. मानेची रेषा मनाने पुढे वाढवली तर ती जमिनीला एका बिंदूत टेकते, आणि पुढचे चाक जमिनीला टेकते ते त्या बिंदूच्या थोडे मागे. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे माग. हातगाडीच्या किंवा कार्यालयातल्या खुर्चीच्या फिरत्या चाकासारखे पुढचे चाक या अंतरामुळे आपल्या वळणबिंदूच्या मागून ओढले जाते आणि स्वतःहून सरळ होऊ पाहते. 26 इंची चाक, 71 अंशांची मान आणि 39 मि.मी. पुढे काढलेला चिमटा असा 1990 च्या दशकातला नमुना घेतला, तर माग सुमारे 74 मि.मी. निघतो, 29 इंची चाक, 64 अंशांची मान आणि 44 मि.मी.चा चिमटा असलेल्या आजच्या एन्ड्युरो सायकलीत तो सुमारे 131 मि.मी. होतो. वेगात असताना दगडाने चाक एका बाजूला ढकलले, तर ते परत सरळ करणारा रेटा या दुसऱ्या सायकलीत कितीतरी मोठा असतो. 'ही सायकल खडकाळ उतारावर शांत राहते' असे स्वार म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातांना जाणवत असतो तो हा रेटा.

मागाला सगळे श्रेय देणे मात्र चूक ठरेल. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'चालवता न येणारी सायकल' बनवण्याचे प्रयोग वर्णन केले आहेत. पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक लावून त्यांनी भोवऱ्यासारखा परिणाम नाहीसा केला, तरी सायकल चालवता आली, मागात बदल केल्यावर मात्र तिचे वागणे ठळकपणे बदलले. त्यावरून माग हेच स्थैर्याचे मूळ, असे बराच काळ मानले गेले. 2011 मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांच्या गटाने भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली आणि माग किंचित उलटा असलेली एक छोटी स्वारविरहित सायकल बनवून दाखवली, आणि तीही ढकलल्यावर स्वतःहून तोल सावरत गेली, कारण तिच्यातील वजनाची मांडणीच तशी केलेली होती. तेव्हा कोन आणि माग हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे वजनाच्या जागेत आहे.

वजनाचा हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. उतारावर स्वार सीटवर बसत नाही. तो दोन्ही पायडलांवर उभा राहतो, त्यामुळे त्याचे वजन ढोबळमानाने क्रँकच्या, म्हणजे पायडलांच्या दांड्यांच्या, आसावर पडते असे धरता येते. या आसापासून मागच्या चाकाचा आस जुन्या नमुन्यात सुमारे 425 मि.मी. मागे, तर दोन चाकांमधले अंतर सुमारे 1060 मि.मी. आजच्या एन्ड्युरोत हेच आकडे साधारण 435 आणि 1230 आहेत; म्हणजे मागची बाजू जवळजवळ तशीच राहिली आणि वाढलेली सगळी लांबी पुढे गेली. सायकलीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर सपाटीवर उभ्या स्वाराच्या वजनापैकी जुन्या सायकलीत शेकडा 40 आणि नव्या सायकलीत शेकडा 35 इतका वाटा पुढच्या चाकावर येतो. वाट 20 अंशांनी उतरू लागली आणि स्वाराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 1 मीटर उंच धरला, तर स्थिर वेगाने उतरताना हा वाटा अनुक्रमे शेकडा 74 आणि 65 होतो. उतार वाढत गेला, तर जुन्या सायकलीत सुमारे 32 अंशांवर सगळे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणजे मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याच्या बेतात येतो. नव्या सायकलीत ही सीमा 38 अंशांच्या पुढे आहे.

या सहा अंशांनी उतार चालवण्याची रीतच बदलली. 1990 च्या दशकातला स्वार तीव्र उतारावर पोट सीटच्या मागे नेऊन, हात ताणून, जवळजवळ मागच्या चाकावर बसल्यासारखा उतरत असे, आणि त्यामुळे पुढच्या चाकावर वळण्यापुरतेही वजन उरत नसे; आजचा स्वार गुडघे आणि कोपरे वाकवून मधोमध उभा राहतो, आणि वळणासाठी त्याच्याजवळ पुढच्या चाकाची पकड शिल्लक असते. सीट उतारापूर्वी खाली घेण्याची सोय यात मोलाची ठरली. जो ब्रीझने जॉश अँजेलच्या साथीने 1984 मध्ये स्प्रिंगच्या साहाय्याने सीट खालीवर करणारी 'हाइट-राइट' ही कळ काढली होती, पण शर्यतींच्या काळात ती मागे पडली. पुढे हँडलवरच्या खटक्याने खालीवर होणारी 'ड्रॉपर' दांडी 2010 नंतर सर्रास झाली. या लेखकाच्या मते गेल्या तीन दशकांतील कोणत्याही महागड्या सस्पेन्शनपेक्षा ही साधी दांडी स्वाराच्या भीतीवर अधिक गुणकारी ठरली आहे.

याच आकड्यांत नव्या सायकलीचा दोषही दडलेला आहे, आणि तिची जाहिरात करणारे तो क्वचित सांगतात. सपाट किंवा जेमतेम उतरत्या वाटेवर, सुट्या मुरमाच्या वळणात, शेकडा 35 वजन पुढच्या चाकाला पुरत नाही. स्वार आळसावून मागे राहिला तर ते चाक वळण्याऐवजी बाहेर घसरत जाते. ताठ मानेची सायकल येथे आपोआप वळते, कारण तिचे पुढचे चाक स्वाराच्या अंगाखालीच असते. लांब सायकलीवर स्वाराने छाती हँडलकडे नेऊन जाणीवपूर्वक वजन पुढे द्यावे लागते, आणि ही सवय होईपर्यंत तिला 'मंद' किंवा 'आडमुठी' म्हटले जाते. हँडलची स्टेम 35 ते 50 मि.मी. इतकी आखूड आणि हँडल 760 ते 800 मि.मी. इतके रुंद करण्यामागचे कारणही हेच : सांगाडाच पुढे वाढल्यामुळे हात पुढे ढकलण्याची गरज उरली नाही, आणि रुंद हँडलाने जड झालेले पुढचे चाक वळवायला बळ मिळाले. गॅरी फिशरने 1998 च्या सुमारास आणि स्पेनच्या मॉन्ड्रेकर कंपनीने 2013 च्या सुमारास या दिशेने ठळक पावले टाकली होती. सगळ्यांनी त्यांची वाट धरायला मात्र वेळ घेतला.

चढावर तुलना वेगळी होते. तेथे स्वार बसलेला असतो, वजन मागे सरकते, आणि पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागते. मान रेललेली असली की हळू वेगात आणखी एक उपद्रव होतो : हँडल थोडे वळवताच सायकलीचे पुढचे टोक किंचित खाली बसते आणि चाक त्या बाजूला आपोआप पडू पाहते. वर घेतलेल्या दोन नमुन्यांत या 'पडण्या'चे माप 23 मि.मी.वरून 52 मि.मी.वर गेले आहे, म्हणजे दुपटीहून अधिक. दगडी, अरुंद, उलटसुलट वळणांच्या चढावर एन्ड्युरो सायकलीचे हँडल सतत सावरावे लागते ते यामुळे. यावर शोधलेला उपाय हुशारीचा होता : सीटच्या दांडीचा कोन 73 अंशांवरून 76-78 अंशांवर नेला गेला, त्यामुळे क्रँकपासून 70 सेंटिमीटर उंचीवर बसणारा स्वार चार-पाच सेंटिमीटर पुढे आला आणि चढावर पुढच्या चाकावरचे वजन बरेच परतले. या बदलामुळे लांब सायकली चढावर सुसह्य झाल्या. सपाट रस्त्यावर मात्र अशा सीटवर तळहातांवर भार येतो, आणि गावापासून डोंगरापर्यंतचे वीस किलोमीटर डांबरावरून पायडल मारत जाणाऱ्याला तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

चाकाच्या आकाराबद्दल जितका वाद झाला, तितका त्याचा परिणाम मोठा नाही. 26, 27.5 आणि 29 इंच ही नावे टायरसकटच्या अंदाजी व्यासाची आहेत; टायर रिमवर जेथे बसतो तेथे मोजलेला खरा व्यास अनुक्रमे 559, 584 आणि 622 मि.मी. आहे. 8 सेंटिमीटर उंच दगडाला 26 इंची चाक सुमारे 40 अंशांच्या कोनात भिडते आणि 29 इंची चाक सुमारे 38 अंशांच्या. त्यावरून अडवणारा रेटा जेमतेम शेकडा 7 ने कमी होतो. एका दगडावर हा फरक कळणारही नाही, पण शेकडो दगडांच्या उतारावर तो वेग टिकवून ठेवतो. मोठे चाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकवायला अधिक वेळ घेते, आणि तीव्र उतारावर बुटक्या स्वाराच्या मागून ते त्याला घासण्याचीही शक्यता असते. पुढे 29 आणि मागे 27.5 अशी मिश्र जोडी या दोन्ही अडचणींवरचा तोडगा म्हणून आली, आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने 2019 मध्ये तिला शर्यतींत परवानगी दिली.

सस्पेन्शनकडे आता वळता येईल. पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला चिमटा 1990 च्या सुमारास बाजारात आला तेव्हा तो जेमतेम 5 सेंटिमीटर दबत असे, आणि तेवढ्यानेही शर्यतींचे चित्र बदलले. फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला 'हार्डटेल' म्हणतात, दोन्हीकडे असलेल्या सायकलीला 'फुल सस्पेन्शन'. मागच्या सस्पेन्शनचे खरे काम आराम देणे हे नव्हे. खडबडीत जमिनीवर मागचे चाक उसळत न राहता जमिनीला चिकटून राहावे, म्हणजे ब्रेक लागावा आणि पायडलचा जोर वाया जाऊ नये, हे ते काम आहे. त्याची किंमत अशी की पायडल मारताना मागचा भाग दबतो-उठतो. साखळीचा ताण आणि सांध्यांची जागा यांचा मेळ घालून हे दबणे रोखता येते, परंतु तो मेळ अति झाला तर दगडावरून जाताना साखळीच मागच्या चाकाला अडवते आणि पायांना हिसके बसतात. सारख्याच 140 मि.मी.च्या दोन सायकलींपैकी एक चढावर टणक आणि उतारावर ताठर, तर दुसरी चढावर ढिली आणि उतारावर पाण्यासारखी वाटते, यामागे बहुधा सांध्यांच्या मांडणीचा हाच फरक असतो.

हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन यांच्या कोनांची कागदावर केलेली तुलना हमखास फसवते. स्वार चढताच सस्पेन्शन आपल्या लांबीच्या पंचवीस ते तीस टक्के इतके बसते, आणि हे 'बसणे' चांगलेच असते, कारण खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागा मिळते. फुल सस्पेन्शनमध्ये पुढचे-मागचे दोन्ही भाग बसतात, त्यामुळे मानेचा कोन जवळपास तोच राहतो. हार्डटेलमध्ये फक्त पुढचा भाग बसतो, आणि सुमारे 1200 मि.मी. लांबीच्या सायकलीत चिमटा दर 20 मि.मी. दबला की मान साधारण एका अंशाने ताठ होते. 130 मि.मी.च्या चिमट्याची, 65 अंश लिहिलेली हार्डटेल स्वाराखाली 66.5 अंशांच्या पुढे जाते. उतारावर जोराने ब्रेक लावला आणि चिमटा 100 मि.मी. दबला, तर ती 70 अंशांच्या, म्हणजे 1990 च्या दशकाच्या जवळ पोहोचते, आणि तेही नेमक्या त्या क्षणी जेव्हा स्वाराला रेललेल्या मानेची सर्वांत जास्त गरज असते. पुढचा चिमटा ब्रेकखाली किती डुबतो हे म्हणूनच महत्त्वाचे. भरपूर दबणारा पण मऊ चिमटा हार्डटेलला अधिक भरवशाची करत नाही, उलट तिचा स्वभाव क्षणोक्षणी पालटत ठेवतो. महाराष्ट्रातील दुकानांत 'एमटीबी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सायकली साध्या स्प्रिंगच्या, दाब नियंत्रित न करणाऱ्या चिमट्याच्या हार्डटेल असतात, आणि तीव्र उतारावर त्यांच्याविषयी वाटणारी धास्ती काल्पनिक नाही.

जमीन बदलली की हे सगळे आकडे आपापले अर्थ बदलतात. युटामधील मोआबच्या वालुकाश्मावर टायर इतका चिकटतो की चढाची मर्यादा पकड ठरवत नाही, पाय ठरवतात. कॅनडातील व्हँकुव्हरच्या उत्तरेकडील ओल्या जंगलात मुळे आणि लाकडी पूल यांवर रेललेली मान आणि मऊ रबर लागते. सह्याद्रीच्या सोंडांवरची वाट या दोन्हींपेक्षा निराळी. तेथे घट्ट बेसॉल्टच्या पायऱ्या, त्यांच्यामध्ये पसरलेला बारीक मुरूम आणि उन्हाळ्यात पायाखालून गोट्यांसारखा निसटणारा घसारा एकाच उतारावर मिळतात. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरले की कोणताही कोन कामी येत नाही. अशा मिश्र जमिनीवर टायर आणि त्यातील हवा यांना प्रथम मान द्यावा लागतो. ट्यूब काढून, आत सीलंट घालून बसवलेला टायर 20-25 पौंडांच्या दाबावर चालवता येतो. त्याच टायरमध्ये ट्यूब असती तर इतक्या कमी दाबाला दगडाच्या कडेवर ती रिममध्ये चिमटली जाऊन फुटली असती. दोन-तीन पौंड हवा कमी केल्याने होणारा फरक हातांना एका अंशाच्या फरकापेक्षा आधी कळतो. म्हणून दोन सायकलींची तुलना करताना टायर, दाब आणि सस्पेन्शनचे बसणे सारखे केले नसेल, तर जे मोजले जाते ते सांगाड्याचे गुण नसतात.

सारखे करता न येणारी एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे स्वाराची उंची. बहुतेक कारखाने लहान, मध्यम आणि मोठ्या मापांत पुढची बाजू वाढवत नेतात, पण मागची लांबी सगळ्या मापांत तीच ठेवतात, कारण मागचे सांधे आणि नळ्या एकाच साच्यातून काढणे स्वस्त पडते. लहान मापाच्या सायकलीत 435 मि.मी.ची मागची बाजू 1170 मि.मी.च्या एकूण लांबीत बसते, आणि सपाटीवर शेकडा 37 वजन पुढे पडते. अति मोठ्या मापात तीच बाजू 1300 मि.मी.मध्ये बसते, आणि पुढचा वाटा शेकडा 33 वर येतो. सहा फूट उंच परीक्षकाने 'ही सायकल सपाट वळणात पुढून घसरते' असे लिहिले, तर सव्वापाच फूट उंचीच्या स्त्रीला त्याच नावाच्या सायकलीवर तो दोष सापडणारही नाही. अलीकडे काही कारखान्यांनी प्रत्येक मापाला वेगळी मागची लांबी द्यायला सुरुवात केली आहे. तशी सोय नसलेल्या सायकलीवर उंच स्वाराला हँडल थोडे खाली घेऊन, मागच्या सस्पेन्शनमध्ये दाब वाढवून आणि वळणात छाती अधिक पुढे नेऊन तो तोल स्वतःच साधावा लागतो.